चुनखडीतला अनंत

आमच्या गावाचं नाव मी सांगणार नाही. सांगितलं तर उद्या सकाळी चार जणी भांडायला फाटकाशी येतील, आणि भांडून झालं की त्यातल्याच दोघी जाताजाता फुलं मागतील. शिरूरहून निमोण्याकडे निघालं की वाटेत लागतं, एवढं पुरे. जमीन चुनखडीची. हातभर खणलं की पांढरं लागतं, आणि बोअरचं पाणी तापवलं की भांड्याच्या बुडाला थर बसतो. ऊस, कांदा, ज्वारी सगळं येतं. अनंत येत नाही. हे मला रोप लावायच्या आधी कुणी सांगितलं नाही, आणि सांगितलं असतं तरी मी ऐकलं असतं असं नाही.

रोप नवऱ्यानं घेतलं. माझं माहेर भांडगावचं. तिथून मोटारसायकलवर परत येताना हायवेच्या कडेच्या एका नर्सरीपाशी ते थांबले. लेक पुढं टाकीवर, मी मागं, आणि माझ्या मांडीवर काळ्या पिशवीतलं वीतभर रोप. पानं अशी चकचकीत की कुणी तेलाचं बोट फिरवलंय असं वाटावं. "अंबाड्यात एक फूल खोवलंस की घरभर वास येईल," ते म्हणाले. कंपनीत पाळ्या करणारा माणूस, एरवी फुलाबिलांच्या वाटेला जाणारा नव्हे. त्या दिवशी काय सुचलं कोण जाणे. पुढच्या दिवाळीच्या आत ते गेले. कामावर असतानाच छातीत दुखायला लागलं, आणि घरी फक्त फोन आला. लेक तिसरीत होती.

तोवर रोपाची दशा झाली होती. पानांच्या शिरा हिरव्या आणि मधलं सगळं पिवळं. कावीळ झालेल्या पोरासारखं दिसायचं. आमचे थोरले दीर शेजारच्याच घरात राहतात. आयुष्यभर ऊस केलेला माणूस. उसाला जे लागतं ते जगातल्या सगळ्या झाडांना लागतं, असा त्यांचा पक्का विश्वास. ते एकदा झाडापाशी उभे राहून म्हणाले, "पानी कमी पडतंय त्येला. आन् युरियाबी न्हाई." मी शाळेत गेले होते, तेवढ्यात त्यांनी दोन मुठी युरिया टाकून बोअरची मोटर चालू केली आणि आळं काठोकाठ भरलं. संध्याकाळी घरी आले तर झाड गुडघाभर पाण्यात. आठवडाभरात उरलीसुरली पानं गळाली. "जमीनच खराब हाय तुमची," ते म्हणाले. जमीन त्यांच्याच वडिलांनी वाटून दिली होती.

मी शाळेत शिकवते. मुलांना विज्ञानाच्या तासाला आम्ल आणि अल्क शिकवताना मला कधी वाटलं नव्हतं की हे आपल्या परसात उपयोगी पडेल. अनंताला आंबट माती लागते आणि आमच्याकडे सगळंच चुन्याचं. चुन्यात लोह असून नसल्यासारखं, मुळांना ते उचलताच येत नाही. मी झाड उपटलं, निळा ड्रम अर्धा कापून आणला, बुडाला भोकं पाडली. आता माती. ती आमच्या तालुक्यात मिळायची नाही. त्या थंडीत शाळेची सहल महाबळेश्वरला निघाली आणि शिक्षक म्हणून मला जाणं भाग होतं. गावात लगेच कुजबुज झाली, "वरीस झालं न्हाई आन् बाई सहलीला निघाली." मी सहलीला गेले आणि येताना घाटातली लाल माती दोन गोणी भरून बसच्या डिकीत टाकून आणली. ड्रायव्हर म्हणाला, "म्याडम, लोकं स्ट्रॉबेरी नेत्यात." मी म्हटलं, माझी स्ट्रॉबेरी चार महिन्यांनी येईल.

लाल माती, कुजलेला पालापाचोळा, जुनं शेणखत. आठवड्यातून एकदा आंबट ताक पाणी घालून पातळ केलेलं. महिन्याकाठी लोहासाठी चिमूटभर हिराकस. आणि बोअरचं पाणी बंद, एकदम बंद. पत्र्यावरून गळणारं पावसाचं पाणी मी टाकीत साठवायला लागले आणि उन्हाळ्यात ते तांब्यानं मोजून घालायचे. पुढं जे जे मला अनंताबद्दल कळलं ते झाडानंच शिकवलं. कळ्या धरल्या की ड्रम हलवायचा नाही, रुसून कळ्या टाकतो. वैशाखातलं दुपारचं ऊन लागू द्यायचं नाही, मी जुनी साडी बांधते. फूल बोटांनी कुस्करलं नाही, नुसतं हाताळलं तरी तासाभरात पिवळं पडतं. एवढं नाजूक प्रकरण आमच्या गावात दुसरं नाही. माणसं तर अजिबात नाहीत.

पहिलं फूल त्या उन्हाळ्यात आलं. पांढरंशुभ्र, तळहाताएवढं, आणि वास असा की दीर अंगणातून विचारत आले, "कुनी अत्तर सांडलं का?" त्याच आठवड्यात त्यांच्या थोरल्या मुलीची हळद होती. मी फूल तोडलं आणि अंबाड्यात खोवलं. नवऱ्यानं त्यासाठीच आणलं होतं, म्हणून खोवलं. त्यात बंडबिंड काही नव्हतं, निदान तेव्हा नव्हतं.

मांडवात पाऊल टाकलं आणि थोरल्या जाऊबाई लगबगीनं आल्या. मला कोपऱ्यात घेतलं, स्वतःच्या हातानं फूल काढलं आणि भिंतीतल्या दिवळीत ठेवलं. "आगं, लोकं बघत्यात," त्या म्हणाल्या. आवाजात राग नव्हता, त्यामुळं जास्त लागलं. मग पाच सुवासिनींना पुकारलं. मी मागं सरकले. कुणीतरी म्हणालं, "तुम्ही आत पुऱ्या तळनाऱ्या बायांकडं बघा वाइच." मी आत गेले. तिथं भाजीच्या पातेल्यात हळद घालायची राहिली होती, ती मी घातली. भाजीतली हळद माझ्या हातची चालत होती.

माझी लेक मात्र मांडवातच उभी राहिली आणि सगळ्या बायांसमोर तिनं विचारलं, "माझ्या आईला का नाही बोलवलं?" एकीनं तिच्या हातात पेढा दिला. घरी येताना ती मला म्हणाली, "माझ्या लग्नात पहिली हळद तूच लावायची. नाहीतर मी लग्नच करणार नाही." मी हसले, पण ते वाक्य मी घट्ट धरून बसले. गावाकडून मला मानपान नको होता, कुणाच्या हळदीकुंकवाचं बोलावणं नको होतं. माझ्या लेकीच्या अंगाला पहिली हळद माझ्या हातानं लागावी, एवढं एकच हवं होतं. बाकी सगळं मी त्या एका गोष्टीवर सोडून दिलं.

अनंत वाढला. पावसाळ्यात फांद्यांची कलमं करून मी त्याचे चार ड्रम केले, आणि गावाला फुलांची चटक लागली. वटपौर्णिमेच्या सकाळी तर फाटकाशी रांग. नथी घातलेल्या, काठापदराच्या साड्या नेसलेल्या, हातात पूजेचं ताट. "म्याडम, दोनच द्या. केसात घालाया." मी द्यायचे. का द्यायचे? झाडावर ठेवली तरी संध्याकाळी पिवळी पडणारच होती. आणि खरं सांगायचं तर मला त्यांचे चेहरे बघायचे असायचे. विधवेच्या दारातलं फूल सौभाग्याच्या पूजेला चालतं का, हे त्यातल्या एकीलाही कधी सुचलं नाही. फुलाला विटाळ नसतो, तो फक्त ज्या हातानं पाणी घातलं त्या हाताला असतो. फुलं घेऊन त्या वडाकडे निघून जायच्या आणि मी दप्तर घेऊन शाळेकडे.

मध्ये एका वर्षी गावाला सुधारणेचं वारं लागलं. आजूबाजूच्या गावांनी केलं म्हणून आमच्याही ग्रामसभेनं ठराव केला, की विधवांच्या बांगड्या फोडायच्या नाहीत, कुंकू पुसायचं नाही, त्यांना हळदीकुंकवाला मानानं बोलवायचं. ठरावाचा कार्यक्रम शाळेच्या मैदानात झाला. मांडव, स्पीकर, तालुक्याहून आलेले पाहुणे. आम्हा सात-आठ जणींना खुर्च्यांवर बसवलं, त्यातल्या दोघींना धड बसताही येत नव्हतं इतक्या म्हाताऱ्या. सरपंचांच्या पत्नीनं एकेकीला कुंकू लावलं. माझ्या कपाळाला बोट टेकलं न टेकलं, आणि लगेच तिनं ते बोट पदराच्या आत पुसलं. फोटोत ते आलं नाही. मी शाळेतली म्हणून मला आभार मानायला उभं केलं. मी आभार मानले. लेक तेव्हा पुण्यात कॉलेजला होती. तिनं तो फोटो मोबाईलवर लावला आणि खाली लिहिलं, "प्राउड ऑफ यू, आई."

पुढच्या महिन्यात वटपौर्णिमा आली. फाटकाशी रांग होतीच. मी मुद्दाम म्हटलं, "या वर्षी मीही येते वडाला. ठराव झालाय ना?" सगळ्या एकमेकींकडे बघायला लागल्या. शेवटी एक जण धीर करून म्हणाली, "ठराव झालाय, व्हय की. पन वडापाशी उगं रिस्क नको, म्याडम." फुलं घेतली आणि गेल्या. मी इतकी हसले की डोळ्यांत पाणी आलं. ते पाणी हसण्याचंच होतं, असं मी स्वतःला सांगितलं.

लेक शिकली, नोकरीला लागली, आणि लग्न ठरलं. मुलगा पाटसचा, पुण्यात कामाला, माणसं बरी. लग्न मे महिन्यात. फोनवर लेक म्हणाली, "आई, हळदीला मला अनंताच्या फुलांचे दागिने पाहिजेत. सगळ्या जणी ते कापडी फुलांचे घालतात, मला खरे पाहिजेत." मी म्हटलं, मिळतील. मग मागच्या पावसाळ्यानंतर एकाही फांदीला कात्री लावली नाही, कारण उशिरा छाटलं की कळ्याच धरत नाहीत. पिठ्या ढेकणाची पांढरी कीड पडली ती मी रिठ्याच्या पाण्यात फडकं बुडवून एकेका पानावरून पुसली. टाकीतलं पावसाचं पाणी लग्नापर्यंत पुरावं म्हणून होळीपासून हात आखडता घेतला. भर उन्हाळ्यात शाळेतून येऊन आधी साडीची सावली सारखी करायची आणि मग चहा. शेजारणी विचारायच्या, "लगीन झाडाचं हाय का पोरीचं?"

दुसरीकडे मी भांडणाची तयारी करत होते. कन्यादानाला दीर आणि जाऊबाई बसणार होते, त्यावर मी अवाक्षर काढलं नाही. एका वेळी एकच भांडण. हळदीचं मात्र मी सोडणार नव्हते. जाऊबाई काय म्हणतील, भावकीतल्या बाया काय म्हणतील, पाटसच्या विहीणबाई नाक मुरडतील का, सगळ्यांची उत्तरं मी पाठ करून ठेवली होती. ठराव तर तोंडपाठच होता. कुणी आडवं आलं असतं तर मी मांडवात उभी राहून म्हणून दाखवणार होते, शब्दन् शब्द.

हळदीच्या दिवशी पहाटे उठून अर्ध्या उमललेल्या कळ्या तोडल्या, ओल्या फडक्यात ठेवल्या, आणि केळीच्या सोपटाच्या दोऱ्यात गुंफून बांगड्या, बाजूबंद, कानातलं, बिंदी असं सगळं केलं. बोट पाकळीला लागू न देता, नुसतं देठाला धरून. लेक घालून बसली तेव्हा मांडवातल्या सगळ्या माना वळल्या. पांढरी फुलं, पिवळी साडी. फोटोवाला म्हणाला, "ताई, अशीच बसा, हलू नका." मला त्या क्षणी नवऱ्याची इतकी आठवण आली की मी खांबाला धरून उभी राहिले.

पाटसहून उष्टी हळद आली. नवऱ्या मुलाला लावून उरलेली ती नवरीला लावायची. वाटी जाऊबाईंच्या हातात. पाच सुवासिनी पुढं झाल्या. मी पण पुढं झाले, तोंडात ठरावाचं पहिलं वाक्य तयार. तेवढ्यात जाऊबाईंनी माझ्याकडं बघितलं. त्यांचं वय झालंय आता, गुडघे दुखतात, पूर्वीचा ताठा नाही. त्यांनी वाटी माझ्यापुढं धरली. "घे," त्या म्हणाल्या. "तूच लाव आधी. तुजीच लेक हाय."

भावकीतलं कुणी आडवं आलं नाही. विहीणबाईंच्या बहिणी आल्या होत्या. त्यातली एक तर म्हणाली, "लावू द्या की, आई हाय." म्हणजे जिच्यासाठी मी इतकी वर्षं दात आवळून राहिले ती भिंत तिथं नव्हतीच, निदान त्या दुपारी नव्हती. मी आंब्याची पानं वाटीत बुडवली आणि लेकीपुढं खाली बसले. हळद आधी पायांना लावतात.

लेकीनं पाय आत घेतले.

साडीच्या निऱ्यांखाली ओढून घेतले, झटकन. मला वाटलं गुदगुल्या झाल्या. मी वर बघितलं. ती माझ्याकडं बघत नव्हती, फोटोवाल्याकडं बघत होती. हळूच म्हणाली, "आई, पहिली नको ना. प्लीज. काकूंना लावू दे. तू शेवटी लाव, सगळं झालं की."

"का गं?"

"काही नाही. उगाच. असू दे ना."

मी पानं जाऊबाईंच्या हातात दिली. त्यांनी लावली, मग पाचही जणींनी लावली, मग मैत्रिणी आल्या, गाणी लागली, कुणी कुणाच्या तोंडाला हळद फासली, आणि तो शेवट काही आलाच नाही. आंघोळीचं पाणी तापलं होतं, बाया तिला घेऊन गेल्या. मी मांडवातल्या सतरंज्या झटकल्या. फोटोंत मी सगळीकडं हसतेय. फोटोवाल्यानं सांगितलं होतं म्हणून.

लग्नानंतर मांडवपरतणीला लेक आणि जावई आले. जावई बाहेर दिरांशी उसाच्या भावावर बोलत बसले आणि ती आत आली, ओट्यापाशी टेकून उभी राहिली. लहान असताना शाळेतून आली की अशीच उभी राहायची. म्हणाली, "आई, तू माझ्याशी नीट बोलत नाहीस. हळदीवरून ना?"

मी म्हटलं, "तुझ्या सासूनं काही सांगितलं होतं का? की इथल्या कुणी कान भरले?" माझी फार इच्छा होती की तिनं हो म्हणावं. कुणाचंही नाव घेतलं असतं तरी मी त्या बाईशी जन्मभर आनंदानं भांडले असते.

"कुणी नाही," ती म्हणाली. "सासूबाईंचं तर काहीच नव्हतं. मलाच भीती वाटली. तू पानं घेऊन खाली बसलीस आणि एकदम मनात आलं, तुझं जे झालं ते माझं नको व्हायला. मला माहितीये हे सगळं खोटं असतं. पण त्या वेळी मला फक्त त्याचा चेहरा दिसला. मी काय करू?"

राग यायला हवा होता आणि तो आलाही, मग त्यावर दुसरंच काही आलं, त्याला मला नाव देता येत नाही. गावाचा मला कधी एवढा राग आला नव्हता. गाव परकं होतं. ही माझ्या पोटातून आलेली, माझ्या बाजूनं भर मांडवात बोललेली, आणि तिच्याही आत ते गावाइतकंच खोल मुरलेलं. मी ते कुठल्या ताकानं, कुठल्या मातीनं काढणार होते? मी विचारलं, "मी आई आहे ना गं तुझी?"

"आहेसच," ती म्हणाली. "म्हणून तर खोटं सांगितलं नाही."

बाहेर जावयांनी गाडी चालू केली. निघताना लेकीची ओटी भरायची असते. तांदूळ, नारळ, खण सगळं मी सकाळीच ताटात काढून ठेवलं होतं, आणि या वेळी कुणाला विचारायचं नाही असंही ठरवलं होतं. ताट उचललं. लेकीनं पदर पुढं केला, आणि माझ्या हातांकडे बघून तिचे डोळे एकदा, अगदी क्षणभर, दाराबाहेर गाडीत बसलेल्या नवऱ्याकडे गेले.

मी ताट खाली ठेवलं आणि जाऊबाईंना हाक मारली.